रूळ, तारा आणि टाक्या: करनिर्धारण व संकलन खात्याच्या इतिहासातले एक प्रकरण

मुंबई महापालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्याचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे चाळ येते, तिचा मालक येतो, भाडेपावत्यांचा गठ्ठा येतो आणि सहामाही बिल येते. खात्याचे आयुष्य बरेचसे त्यातच गेले, हे खरे. चाळींच्या आणि सोसायट्यांच्या हकिकती सांगणारे खात्यात पुष्कळ आहेत, आणि त्या रंगतातही. या स्मरणिकेसाठी मी निवडलेले प्रकरण मात्र जरा आडबाजूचे आहे. काही मालमत्ता कुणी कुणाला भाड्याने देत नाही आणि विकायलाही काढत नाही. पण त्या नसतील तर शहर सकाळी उठूच शकणार नाही. आगगाडीचे यार्ड, ट्रामची कोठारे, विजेची उपकेंद्रे, तेलाच्या टाक्या, अलीकडचे मोबाइलचे मनोरे. यांची किंमत खात्याने कशी केली, कुठे जमले आणि कुठे कोर्टाने कान उपटले, त्याची ही गोष्ट.

मालमत्ता कराची आजची चौकट 1888 च्या कायद्याने घातली. त्याआधीचा काळ धामधुमीचा होता. 1865 च्या कायद्याने सगळी सत्ता एका आयुक्ताच्या हाती दिली आणि आर्थर क्रॉफर्ड यांनी ती दोन्ही हातांनी वापरली. रस्ते झाले, गटारे झाली, त्यांच्या नावाची मंडई उभी राहिली, आणि तिजोरी रिकामी झाली. करदाते खवळले. 1872 च्या कायद्याने लोकनियुक्त सभासदांची महापालिका आली आणि पुढे फिरोजशहा मेहता यांच्या देखरेखीखाली घडलेला 1888 चा कायदा आला. पुष्कळ दुरुस्त्या पचवून तो आजही चालू आहे.

या कायद्याने सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि हलालखोर कर हे एका मापाला बांधले. हलालखोर कराचे नाव पुढे मलनिःसारण कर झाले. ते माप म्हणजे करपात्र मूल्य. जागा वर्षाच्या कराराने दिली तर वाजवीपणे किती भाडे येईल ते ठरवायचे आणि दुरुस्ती वगैरे सगळ्या सबबींपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे. कलम 154 एवढे सुटसुटीत आहे. यातला भाडेकरू काल्पनिक. त्याचे कूळ इंग्लंडच्या 1836 च्या पॅरोकियल असेसमेंट कायद्यापर्यंत जाते.

गिरगावातल्या दोन खोल्यांना हा काल्पनिक भाडेकरू चटकन सापडतो, कारण शेजारच्या बिऱ्हाडात खरा भाडेकरू राहत असतो. पण बोरीबंदर ते ठाणे हा रूळ भाड्याने कोण घेणार? 16 एप्रिल 1853 ला त्यावरून पहिली गाडी धावली तेव्हा तो जीआयपी या खासगी कंपनीचा होता आणि भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. त्या रुळाला दुसरा गिऱ्हाईक नव्हता आणि शेजारी तुलनेला दुसरा रूळही नव्हता.

अशा वेळी इंग्लंडातल्या मूल्यांककांनी दोन वाटा काढल्या होत्या, आणि आपल्याकडच्या निवाड्यांतही त्यांचा उल्लेख वारंवार येतो. पहिली नफ्याची. धंद्याची एकूण आवक घ्यायची, चालवण्याचा खर्च काढायचा, चालवणाऱ्याने स्वतःच्या पदरचे जे भांडवल घातले त्यावरचा परतावा आणि त्याचा रास्त नफा काढायचा. मग जे उरते तेवढे भाडे तो काल्पनिक गडी द्यायला तयार होईल असे धरायचे. रेल्वे, गोदी, गॅस आणि वीज यांना ही रीत शोभते. दुसरी वाट खर्चाची, जिला वकील मंडळी ठेकेदारी पद्धत म्हणतात. जमिनीची किंमत अधिक बांधकामाचा खर्च, आणि त्यावर काही टक्के हे वार्षिक भाडे. पहिल्या वाटेला कंपनीची वह्या-खाती उघडावी लागतात. दुसरीला फीत आणि दरपत्रक पुरते. वॉर्डातल्या निरीक्षकाला यातली कोणती झेपते, हे सांगायला नकोच.

1888 च्या कायद्यातच आणखी एक वाक्य आहे आणि या साऱ्या प्रकरणाचा तोच खिळा आहे: इमारतीत किंवा जमिनीवर असलेल्या यंत्रसामग्रीची किंमत करपात्र मूल्यात धरायची नाही. गिरणीमालकांच्या शहराला हे वाक्य फार उपयोगाचे होते. पण विजेच्या कंपनीचा तर सगळा जीव यंत्रातच असतो. भिंती, छप्पर आणि जमीन वगळली तर खात्याच्या वाट्याला काय येते?

हा प्रश्न मुंबईत ट्रामच्या पाठोपाठ आला. 9 मे 1874 ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचे रूळ महापालिकेच्याच रस्त्यात रुतलेले, त्यामुळे कंपनीशी पहिला हिशेब रुळांच्या भाड्याचा झाला. 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली आणि 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली. म्हणजे एकाच मालकाकडे रस्त्यातले रूळ, रस्त्यावरच्या तारा, कोठारे, वीजनिर्मितीचे घर आणि गल्लीबोळांतली उपकेंद्रे, असा सगळा गोतावळा जमला. कोठार आणि वीजघर मोजणे सोपे. तार आणि खांब यांचे काय करायचे, हे कायद्यात कुठेच नीट लिहिलेले नव्हते. 7 ऑगस्ट 1947 ला महापालिकेने ही कंपनीच विकत घेतली आणि बेस्ट आपल्या घरची झाली. काही वाद असे मालक बदलून मिटतात. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम धावली आणि रुळांचा प्रश्न निदान या एका बाजूने संपला.

रेल्वेचा मात्र मालक बदलला आणि वाद वाढला. जीआयपी सरकारने 1900 मध्ये विकत घेतली आणि 1925 मध्ये तिचा कारभारही आपल्या हाती घेतला. सरकारच्या सार्वजनिक उपयोगाच्या इमारतींना सर्वसाधारण कर माफ होता. त्याबदली एक ठोक रक्कम मिळावी अशी तरतूद 1888 च्या कायद्यात होती: सरकारने महापालिकेच्या संमतीने एक माणूस नेमायचा, त्याने मूल्य ठरवायचे आणि सामान्य मालकाला जेवढा कर पडला असता त्याचे आठ-दशांश सरकारने द्यायचे. आठ-दशांशच का? मला यात सौदा दिसतो. सरकार भरणा चुकवत नाही, त्याच्या दारात जप्ती घेऊन जावे लागत नाही, म्हणून ही सवलत असावी. रेल्वेसाठी 1890 च्या रेल्वे कायद्यात निराळी व्यवस्था होती. गव्हर्नर जनरलने राजपत्रात अधिसूचना काढल्याशिवाय कोणत्याही स्थानिक संस्थेला रेल्वेकडून कर मागता येत नसे. 1941 च्या कायद्याने त्यात भर घालून, कराऐवजी किती रक्कम रास्त हे ठरवायला न्यायाधीशाच्या दर्जाचा माणूस नेमण्याची सोय केली.

मग संविधान आले आणि अनुच्छेद 285 आला. केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा राज्यातल्या कोणत्याही संस्थेचा कर नाही. अपवाद एकच. 26 जानेवारी 1950 च्या लगेच आधी जी मालमत्ता कराला पात्र होती, ती संसद वेगळे काही ठरवीपर्यंत पात्र राहील. बल्लारीच्या नगरपालिकेचा रेल्वेशी झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1978 मध्ये निकाल रेल्वेच्या बाजूने लागला. जुन्या रेल्वे कायद्याच्या आधारे नव्या मालमत्तांना हात लावता येणार नाही, हे त्यातून पक्के झाले.

कागदावर हे स्वच्छ दिसते. यार्डात जाऊन पाहा. एका बाजूला राणीच्या काळातली दगडी कोठी, तिला चिकटून पन्नासच्या दशकातली पत्र्याची शेड, पलीकडे परवा झालेली काँक्रीटची इमारत, आणि तिघींत मिळून एकच पाण्याची जोडणी. यातल्या कोणत्या भिंतीचे वय काय, ती 1950 आधी कराच्या वहीत होती का, तेव्हा तिचा उपयोग काय होता, हे शोधायला जुनी निर्धारण-पुस्तके काढावी लागत. कापडी बांधणीची, कडा वाळवीने कुरतडलेली ती पुस्तके अशा वेळी रेल्वेच्या नकाशांपेक्षा भरवशाची ठरत, असे मी तरी म्हणेन.

कर बुडाला तरी रस्ता, पाणी, गटार, अग्निशमन या सेवा रेल्वे घेतच राहते. त्यावर सेवा आकाराचा तोडगा निघाला. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे तडजोड झाली आणि श्रेणी ठरल्या: महापालिकेच्या सगळ्या सेवा वापरल्या तर मालमत्ता कराच्या 75 टक्के, काही वापरल्या तर 50 टक्के आणि काहीच नाही तर 33⅓ टक्के. यातला शेवटचा आकडा मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. काहीच न घेणाऱ्याकडून एक-तृतीयांश कशाबद्दल घ्यायचे? पण शहर आहे म्हणूनच त्या कार्यालयाला तिथे असण्यात अर्थ आहे, हे त्या आकड्याने मान्य केले. एवढे तत्त्व पदरात पडले तरी पुष्कळ.

इथे एक फरक नवख्या निरीक्षकाला पुन्हा पुन्हा सांगावा लागे. केंद्र सरकार वेगळे आणि केंद्र सरकारची कंपनी किंवा महामंडळ वेगळे. दमदम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ठरवले की आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिची मालमत्ता ही केंद्राची मालमत्ता नव्हे, म्हणून 285 चे कवच तिला नाही. पाटीवर अशोकस्तंभ दिसला की वही मिटायची, ही सवय त्या निकालानंतर सुटायला हवी होती. ती सुटायलाही काही वर्षे लागलीच.

आता यंत्राकडे. ज्यांनी विजेचे उपकेंद्र आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेर जाळीचे दार आणि त्यावर कवटीची पाटी. आत जाड खडीचा थर, कारण ट्रान्सफॉर्मरचे तेल गळले तर ते खाली मुरावे आणि आग पसरू नये. त्या खडीत एक काँक्रीटचा ओटा, ओट्यावर ट्रान्सफॉर्मर, त्याची अखंड घरघर आणि गरम तेलाचा वास. बाजूला स्विचगिअरची खोली, जमिनीत केबलचे चर, चरांवर खाचांच्या लोखंडी झाकण्या, कोपऱ्यात रखवालदाराची केबिन. निरीक्षक फीत काढतो. खोलीची लांबी-रुंदी, केबिन, कुंपणभिंत, मोकळी जमीन, इथपर्यंत ठीक. ट्रान्सफॉर्मर सोडून द्यायचा, तो यंत्र. पण तो ओटा? कंपनीचा अभियंता म्हणणार की ओटा यंत्राचाच पाय आहे. चर? ते केबलचे घर आहे आणि केबल यंत्राचा भाग. अभियंता जरा हुशार असेल तर तो खोलीलाही यंत्राचे कव्हर म्हणून बघतो! आमची रीत साधी होती. यंत्र उचलून नेले तर मागे काय उरेल ते मोजा. ओटा उरतो, चर उरतो, खोली तर उरतेच.

ही रीत सगळीकडे टिकत नव्हती, पण यंत्राच्या बाबतीत खात्याचा जो कडक शिरस्ता होता त्याला नंतर भक्कम आधार मिळाला, तोही शेजारच्या शहरातून. अहमदाबाद महापालिकेने कापड गिरण्यांवर चौरस फुटाला सरसकट दर लावला आणि मूल्यात यंत्रसामग्रीही धरली. न्यू माणेकचौक मिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये दोन्ही गोष्टी मोडून काढल्या. संविधानाने राज्यांना जमिनी आणि इमारतींवर कर बसवायचा अधिकार दिला आहे, यंत्रांवर नाही. आणि प्रत्येक मालमत्तेचे भाडेमूल्य स्वतंत्र पाहायचे सोडून सगळ्यांना एका फूटपट्टीने मोजता येणार नाही. सरसकट दराचा मोह प्रत्येक पिढीतल्या अधिकाऱ्याला होतो. सांगायला सोपा, छापायला सोपा, आणि सुनावणीत पहिल्याच फेरीला पडणारा.

टाक्यांची गोष्ट याच्या उलट निघाली. तेल कंपनीच्या साठवण टाक्या म्हणजे पोलादी पत्रे जोडून उभ्या केलेल्या प्रचंड गोल भिंती, बाजूने वर चढणारा जिना आणि वर छप्पर. त्या पायावर ठेवलेल्या असतात, नट-बोल्टने जखडलेल्या नसतात. स्वतःच्या वजनावरच उभ्या राहतात. इंडियन ऑइलचे म्हणणे, जमिनीला जोडलेले काही नाही म्हणजे ही वस्तू जंगम झाली, हिच्यावर मालमत्ता कर कसला? मुंबई उच्च न्यायालयात खाते हरले. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये निकाल फिरवला. कसोटी अशी लावली की ती वस्तू आहे तशी उचलून दुसरीकडे नेता येते का, की ती सुटी करून नव्या जागी पुन्हा उभारावी लागते. टाकी उचलून नेता येत नाही, ती टिकाऊ म्हणून बांधलेली आहे, तेव्हा ती कराच्या कक्षेत येते. उपकेंद्रातल्या ओट्याला आम्ही जी रीत लावत होतो तिच्या जवळपासचीच ही कसोटी आहे, फक्त न्यायालयाने ती अधिक नेटकी मांडली. खात्याच्या इतिहासातल्या मोठ्या विजयांत मी हिला फार वरचे स्थान देईन, कारण पुढे मोबाइलच्या मनोऱ्यांपर्यंत तिचा हात पोहोचला.

मनोऱ्यांचा लढाही अहमदाबादनेच दिला. कंपन्यांचे म्हणणे, मनोरा म्हणजे दूरसंचाराचे साधन, आणि तो विषय केंद्राचा. गुजरात उच्च न्यायालयाने ते मानले. सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2016 ला जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात ते फेटाळले. राज्यसूचीतल्या 49 व्या नोंदीतला इमारत हा शब्द एवढा मोठा आहे की त्यात मनोरा मावतो. मुंबईत या मनोऱ्यांचा त्रास निराळाच. ते सोसायटीच्या गच्चीवर उभे. कर वाढला की सेक्रेटरी तणतणत वॉर्ड ऑफिसात येणार, भाडेकराराची प्रत मात्र घरी विसरून येणार.

खर्चाच्या वाटेने मूल्य काढण्याचा एक वाईट परिणाम इथे नोंदवायला हवा, कारण खात्याच्या गौरवग्रंथात तो सहसा कुणी लिहीत नाही. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या चाळींची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला खिळून टाकली. करपात्र मूल्याला प्रमाण भाड्याच्या वर जाता येत नाही, हेही न्यायालयांनी ठरवून दिले. त्यामुळे चाळ 1940 च्या भाड्यावर कर भरत होती आणि तिच्या अंगणात नव्याने बांधलेले उपकेंद्र बांधकामाच्या चालू खर्चावर. कंपनीने तक्रार केली तर तिची बाजू अगदीच पोकळ नसे. शेवटी तो पैसा वीजबिलातून त्याच चाळीतल्या बिऱ्हाडांकडून वसूल होणार होता, ही त्यातली मेख.

2010 पासून मुंबईने भांडवली मूल्याची पद्धत घेतली. काल्पनिक भाडेकरू गेला आणि शीघ्रसिद्ध गणकातला जमिनीचा दर आला. त्याला वापर, बांधकामाचा प्रकार, वय, मजला यांचे भारांक लागले. घरांच्या बाबतीत निदान हिशेब समजण्याजोगा झाला. डेपो, यार्ड, उपकेंद्र यांच्या बाबतीत नवा पेच पडला. एवढाली जमीन, तिच्यावर जेमतेम बांधकाम, आणि वर चटईक्षेत्राची न वापरलेली भलीमोठी क्षमता. ती क्षमता मूल्यात धरायची का? नियमांनी धरायची म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2022 ला तो निकाल कायम ठेवला. मालमत्ता आज जशी आहे तशी मोजायची, उद्या तिथे काय उभे राहू शकेल त्यावर कर नाही. 1 जुलै 2017 ला जकात गेल्यापासून महापालिकेचा डोळा मालमत्ता करावरच होता, त्यामुळे हा फटका चांगलाच जाणवला. तरीही निकाल बरोबर होता असे माझे मत आहे. बसचा डेपो हा बसचा डेपो म्हणूनच मोजला पाहिजे.

या सगळ्या काळात एका बाजूकडे आपल्या कायद्याने फारसे पाहिलेच नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत रेल्वे आणि वीजकंपन्यांचे मूल्य गावागावाचा अधिकारी ठरवत नाही, राज्याचे मंडळ ठरवते. सबंध जाळे एक मालमत्ता मानायचे, त्याची एक किंमत काढायची आणि मग मैलांच्या किंवा अन्य प्रमाणात गावांना वाटून द्यायची. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच याला मान्यता दिली. तिथेही सगळे सुरळीत नव्हते. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा परगण्याचा सदर्न पॅसिफिक रेल्वेशी झालेला 1886 चा खटला कंपनीच्या हक्कांसाठी जगभर गाजला; पण तो प्रत्यक्षात निकाली निघाला तो रुळाकाठच्या कुंपणामुळे! राज्य मंडळाने कुंपणाची किंमत रेल्वेत धरली आणि तो अधिकार परगण्याचा होता, एवढ्यावर सगळी आकारणी कोसळली. उपकेंद्राच्या ओट्यावर अभियंत्याशी हुज्जत घातलेल्या माणसाला हे वाचून फार बरे वाटते.

आपल्याकडे मात्र आकारणी वॉर्डाच्या हद्दीत अडकलेली आहे, आणि मेट्रोने ती अडचण अगदी उघडी पाडली. 8 जून 2014 ला सुरू झालेला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग 11.4 किलोमीटरचा आणि 12 स्थानकांचा. ती रेल्वे मानायची का, मानली तर सूट कोणत्या कायद्याने, हे प्रश्न लगेच उभे राहिले. 1989 च्या रेल्वे कायद्याने एका महापालिकेच्या हद्दीतच धावणाऱ्या ट्रामला रेल्वेच्या व्याख्येतून मुद्दाम वगळले आहे, हा मुद्दा त्यावेळी मला फार बोलका वाटला होता. खांब महापालिकेच्या रस्त्यात, पूल हवेत, स्थानकात दुकाने, खांबांवर जाहिराती. दुकाने आणि जाहिराती यांचा उपयोग उघड धंद्याचा, त्यांचे काय ते ठरवता येते. पण हा एकच मार्ग के पश्चिम, के पूर्व, एल आणि एन अशा चार वॉर्डांत कापला जातो. चार वॉर्डांच्या चार वह्या, चार निरीक्षक, आणि एकाच्या हरकतीवरचा निर्णय दुसऱ्याला माहीत असेलच अशी खात्री नाही. खात्यात मेट्रो, वीज आणि दूरसंचार यांच्यासाठी एक वेगळे टेबल असावे, एका जाळ्याची एकच फाइल असावी आणि वॉर्डांनी फक्त मोजमाप पाठवावे, असे माझे जुने म्हणणे आहे. मार्ग वाढत चालले आहेत, तेव्हा त्या टेबलाला काम कमी पडणार नाही.